खोली भाड्याने आहे, वाईन घरची

दोन बहिणी, दोघी म्हाताऱ्या, दोघी बिनलग्नाच्या. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये दफनभूमीला लागून त्यांचं वाडवडिलांचं घर. पैशाची ददात नाही, तरी खोली भाड्याने देतात. खोली बघायला आलेला माणूस वयस्क आणि एकटा निघाला, मागेपुढे कोणी नाही असं त्याच्याच तोंडून कळलं, की त्याला खुर्चीत बसवायचं, आपुलकीने चौकशी करायची आणि घरी केलेल्या एल्डरबेरीच्या वाईनचा ग्लास हातात द्यायचा. वाईनची कृती त्यांतली मार्था लोणच्याचं प्रमाण सांगावं तशी सांगते: गॅलनभर वाईनला चहाचा एक चमचा आर्सेनिक, अर्धा चमचा स्ट्रिक्निन आणि वर चिमूटभर सायनाइड. मग काळे कपडे घालून, प्रार्थना म्हणून, रीतसर तळघरात दफन. आतापर्यंत किती झाले यावर बहिणींमध्ये थोडा वाद आहे. पहिला पाहुणा त्यांच्या हातून गेला नव्हता, तो हार्ट फेल होऊन आपणहून खुर्चीत गेला; त्याला धरायचं की नाही? धरला तर बारा.

‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ हा दिग्दर्शक फ्रँक काप्राचा १९४४ सालचा कृष्णधवल सिनेमा, लांबी ११८ मिनिटं. खुनाची गोष्ट आणि हसून हसून पोट दुखतं. मी तो धंद्याच्या नजरेने बघितला, कारण मालवण तालुक्यात समुद्राच्या काठाला आमच्या तीन खोल्या आहेत आणि सकाळच्या घावण्यांपासून रात्रीच्या सोलकढीपर्यंत सगळं मी, सासूबाई आणि त्यांची नणंद, म्हणजे आमच्या आत्याबाई, अशा तिघी बघतो. येणारे-जाणारे आमच्याबद्दल नेटवर लिहितात: मच्छी ताजी, गाद्या कडक, मालकीण जरा जास्त बोलते. आज मालकीण लिहिते आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळं थंड. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, स्कुबावाले घरी, समुद्र खवळलेला. अशा दिवसांत मुलाने हा सिनेमा ऑनलाइन भाड्याने घेऊन दिला. एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. ज्याने हा नियम काढला तो जुलैत कधी कोकणात राहिलेला नसावा. लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही लागतो, पण तेवढ्यात नेट झोपतं. नेट येतं तर वाऱ्याने माडाची झावळ तारेवर पडते. असा तुकड्या-तुकड्यांनी बघितला. एरवी मला तसा बघितलेला सिनेमा चढत नाही. याचं काही बिघडलं नाही, कारण मुळात ते तीन अंकी नाटक आहे आणि अंकांमधल्या फटी काप्राने बुजवलेल्या नाहीत.

नाटक जोसेफ केसेलरिंगचं. १० जानेवारी १९४१ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर, उघडलं आणि १७ जून १९४४ पर्यंत चाललं, एकूण १,४४४ प्रयोग. सिनेमाचं शूटिंग १९४१च्या शेवटीच झालं होतं. पण करार असा की ब्रॉडवेवर नाटक चालू आहे तोवर सिनेमा लावायचा नाही. नाटक काही उतरेना आणि तयार सिनेमा डब्यात पडून राहिला. त्याच सुमारास पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, काप्रा सैन्यात गेला, सैनिकांना दाखवायचे माहितीपट करू लागला. सप्टेंबर १९४४ मध्ये हा सिनेमा थिएटरांत आला तेव्हा त्यातलं ब्रुकलिन तीन वर्षं जुनं होतं.

या करारापेक्षा मला दुसरा करार जास्त महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅबी आणि मार्था ब्रूस्टर या बहिणी, म्हणजे नायक मॉर्टिमरच्या आत्या, करणाऱ्या जोसेफिन हल आणि जीन अडेअर या मूळ नाटकातल्याच. त्यांचा वेडा भाचा टेडी झालेला जॉन अलेक्झांडरही नाटकातलाच. नाटकाच्या निर्मात्यांनी तिघांना आठ आठवड्यांची सुटी दिली, ते हॉलिवूडला जाऊन शूटिंग करून परत रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट आधी माहीत नसली तरी पडद्यावर कळते. आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा लागतात आणि दशावतारी कंपन्या रोज रात्री वेगळ्या गावात उभ्या राहतात. शिमग्याच्या आसपास त्यातल्या चांगल्या नटाला बघा. तो आता भूमिका करत नसतो, नुसता वावरतो. तलवार कुठे ठेवली आहे ते बघावंही लागत नाही. हल आणि अडेअर तशा त्या घरात वावरतात. कपाट उघडायचं, मेणबत्ती उचलायची, खुर्ची अर्धा वीत सरकवायची, सगळं बोलता बोलता. जोसेफिन हलची ती तुरुतुरु चाल बघून सासूबाई म्हणाल्या, “हिच्या पायांका चाकां लावल्यांनी काय?” पुढे १९५०च्या ‘हार्वे’ सिनेमासाठी हलबाईंना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर तिचं मोठं काम हेच.

दोघी आत्या खुनी आहेत आणि चांगल्याही आहेत. दोन्ही एकाच वेळी, एकाच आवाजात. हे करून दाखवणं फार कठीण आहे. आपल्याकडच्या नाटकात असली बाई असती तर तिने पाहुण्याकडे पाठ वळवून प्रेक्षकांकडे बघत डोळे बारीक केले असते, आणि पेटीवाल्याने एक काळी पट्टी दाबली असती. इथे तसं काही नाही. अ‍ॅबी पोलिसाच्या आजारी बायकोसाठी सूप काढून देते ते खरंच तिला बरं वाटावं म्हणून. जुनी खेळणी गरीब मुलांना देते ती खरंच मुलांसाठी. आणि एकट्या म्हाताऱ्याला वाईन देते तीही त्याच्यासाठीच. तिच्या डोक्यात या तीन गोष्टी एकाच खणात ठेवलेल्या आहेत. पहिला पाहुणा आपोआप मेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अशी काही शांती होती की बहिणींना वाटलं, बाकीच्या एकट्यांनाही ही शांती का मिळू नये? भाचा मॉर्टिमर डोकं धरून म्हणतो, तळघरात तुम्हीच मारलेली माणसं आहेत, मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू? अ‍ॅबी दुखावते. हो, मारली, पण म्हणून मी खोटं बोलेन असं तुला वाटलं का?

या नाटकामागे एक खरी बाई होती असं मानतात. कनेटिकटमधल्या विंडसर गावात एमी आर्चर-गिलिगन वृद्धांसाठी निवास चालवायची. माणसाकडून एकरकमी पैसे घ्यायचे आणि त्याला मरेपर्यंत सांभाळायचं, असा व्यवहार. माणूस जितका जास्त जगेल तितका तोटा. १९१६ मध्ये तिला अटक झाली, पुढच्या वर्षी खुनाबद्दल दोषी ठरली. हत्यार तेच, आर्सेनिक. तिचा हिशोब कुणालाही समजतो, म्हणून ती नुसती भयंकर आहे. केसेलरिंगने त्या हिशोबातला पैसा काढून टाकला आणि त्या जागी माया घातली. खोलीचं भाडं किती हे त्या आत्यांच्या तोंडी नीट येतही नाही. माझ्यासारखीला तिथेच संशय आला असता.

खोली बघायला मिस्टर गिब्स येतो तो प्रसंग मी दोनदा लावला. म्हातारा किरकिरा आहे, त्याला घर फारसं पसंत नाही. अ‍ॅबी विचारते, घरी कोण असतं, कुटुंब नाही का. तो म्हणतो, नाही. दोघी एकमेकींकडे बघतात. त्या बघण्यात कपट नाही, कणव आहे. मग बाटली येते. तिकडे मॉर्टिमर फोनवर बोलतोय, त्याचं लक्ष नाही, आणि म्हातारा ग्लास ओठांजवळ नेतो, काहीतरी बोलायला थांबतो, परत नेतो. आत्याबाईंना इंग्रजीचा गंध नाही. मी काही सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “एकटोच आसा ता तेंका कळला. आता ह्याचा काय खरा नाय.”

मग आम्ही थोडा वेळ गप्प झालो, कारण पाहुणा आला की पहिला प्रश्न आम्हीही तोच विचारतो. आधार कार्डची झेरॉक्स घेता घेता, घरी कोण कोण असतं? मुलं काय करतात? एकटेच आलात? मी सवयीने विचारते, सासूबाई मनापासून विचारतात. मागे एक निवृत्त गृहस्थ एकटेच उतरले होते. त्यांच्या ताटात सासूबाई सुरमईचा तुकडा दर वेळी आपणहून वाढायच्या, नको म्हटलं तरी. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप असतं, आणि उरलेल्या अर्ध्यांत एकेक म्हातारं माणूस मुंबईच्या फोनची वाट बघत बसलेलं. त्यामुळे ब्रूस्टर भगिनींचा मुद्दा इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यांचा उपाय तेवढा चुकलेला आहे.

आता कॅरी ग्रांट. मॉर्टिमर ब्रूस्टर नाट्यसमीक्षक आहे, लग्नसंस्थेविरुद्ध पुस्तकं लिहून प्रसिद्ध झालेला, आणि सिनेमाच्या सुरुवातीला गुपचूप लग्न करून बसलेला. शेजारच्या पाद्र्याची मुलगी एलेन ही नवरी. दोघांना नायगाऱ्याला मधुचंद्राला जायचंय, बाहेर टॅक्सी उभी आहे, मीटर पडतोय. आत्यांना बातमी सांगायला म्हणून तो घरात शिरतो आणि खिडकीखालच्या बाकाचं झाकण उघडतो. आत मिस्टर हॉस्किन्सचं प्रेत. इथपर्यंत ग्रांट अप्रतिम आहे. झाकण लावून तो दोन पावलं जातो आणि मग त्याला कळतं की आपण काय बघितलं. तेवढा एक क्षण कुठल्याही अभिनयाच्या वर्गात दाखवावा. त्यानंतर मात्र तो डोळे वटारतो, किंचाळतो, घोड्यासारखे आवाज काढतो, आणि हे दीड तास चालतं. सासूबाईंचा अभिप्राय: “ह्येका आधी कायतरी खावक घाला.” ग्रांटला स्वतःलाही हे काम कधी आवडलं नाही, फार अती झालं असं तो नंतर म्हणत असे. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण एक बाजू त्याचीही आहे. बाकी सगळे वेडे शांत आहेत. कुणीतरी ओरडलंच नाही तर आपल्याला कळणार कसं की घरात काही बिनसलंय? फक्त ते ओरडणं एक पायरी खाली चाललं असतं. आणखी एक गंमत: दफनभूमीत एका थडग्यावर आर्ची लीच हे नाव कोरलेलं आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टलला जन्मलेल्या ग्रांटचं ते खरं नाव. मुलाने पॉज करून दाखवलं, नाहीतर माझ्या नजरेतून सुटलं असतं.

मॉर्टिमरचा दुसरा भाऊ जोनाथन हा अट्टल गुन्हेगार, तुरुंगातून पळालेला, बरोबर त्याचा दारुडा डॉक्टर आइन्स्टाइन. डॉक्टरने नशेत त्याचा चेहरा असा काही शिवलाय की जो तो म्हणतो, हा बोरिस कार्लोफसारखा दिसतो, आणि जोनाथन खवळतो. यातली मेख अशी की नाटकात जोनाथन करत होता खुद्द बोरिस कार्लोफ, भुताखेतांच्या सिनेमांतला बादशहा. तिकीटबारी त्याच्यावर चालायची, म्हणून त्याला सुटी मिळाली नाही आणि सिनेमात रेमंड मॅसी टाके-बिके लावून कार्लोफसारखा दिसायला लागला. कार्लोफ कोण हे ज्याला ठाऊक नाही त्याला हा विनोद अर्धाच मिळणार. आत्याबाईंना तो तसाही पुरला. मॅसी दारातून आला, खालून त्याच्या तोंडावर उजेड पडला, तशा त्या म्हणाल्या, “ह्यो संकासूर खंयसून इलो?” मी म्हटलं, हा पण भाचाच. तेव्हा त्यांनी सिनेमातल्या आत्यांसाठी खरोखर हळहळ व्यक्त केली.

मॅसी उत्तम आहे, कारण तो एकदाही हसत नाही. पण मजा आणतो डॉक्टर आइन्स्टाइन झालेला पीटर लॉरे. एवढासा माणूस, मोठे ओले डोळे, सतत घाम आलेला, आणि प्रत्येक वाक्यात जोनाथनला ‘जॉनी’ म्हणून लाडीगोडी लावणारा. मॉर्टिमरला संथपणे मारायची भाषा निघते तेव्हा तो दोन तासांची ती पद्धत नको म्हणून अक्षरशः गयावया करतो. खून नको म्हणून नव्हे, झोप येतेय म्हणून. आणि हिशोबाचा प्रसंग! जोनाथनच्या नावावर जगभरात मिळून तेरा खून. आइन्स्टाइन म्हणतो, बारा. साउथ बेंड गावातला धरता येणार नाही, तो न्यूमोनियाने गेला. जोनाथन म्हणतो, मी गोळी घातली नसती तर त्याला न्यूमोनिया झाला नसता. बारा म्हणजे घरबसल्या आत्यांशी बरोबरी. देशोदेशी पोलिसांना चुकवत फिरलेल्या माणसाला हे सहन होत नाही. आमच्या धंद्यात मोठमोठ्या रिसॉर्टवाल्यांना तीन खोल्यांच्या घरगुती होमस्टेचे तारे जास्त दिसले की असंच होतं.

ज्या एका प्रसंगासाठी मी हा सिनेमा कुणालाही बघायला सांगेन तो खुर्चीचा. आइन्स्टाइन मॉर्टिमरला विनवतोय, बाबा, तू या घरातून जा. मॉर्टिमर ऐकत नाही. उलट आदल्या दिवशी बघितलेल्या एका टुकार नाटकावर बोलू लागतो. त्यातला नायक इतका मठ्ठ की घरात खुनी आहेत हे माहीत असून खुर्चीत आरामात बसतो, आणि खुनी मागून पडद्याची दोरी घेऊन त्याला बांधतो. हे सांगताना मॉर्टिमर स्वतः त्या नायकासारखा खुर्चीत बसून दाखवतो, पाय पसरतो, मान मागे टाकतो. आणि मागे जोनाथन पडद्याची दोरी सोडवतोय. टीकाकार नाटकाला नावं ठेवता ठेवता त्याच नाटकात बांधला जातो. याच्या वर कडी अशी की तेवढ्यात ओहारा नावाचा पोलीस आत येतो, समीक्षकाला बांधलेला बघतो, आणि सोडवायच्या ऐवजी स्वतः लिहिलेल्या नाटकाची गोष्ट त्याला ऐकवू लागतो. तोंडात बोळा असलेला समीक्षक आणि पुढ्यात उत्साही नाटककार! आमच्या तालुक्यातल्या एकांकिका स्पर्धांचे परीक्षक या ठिकाणी रडतील. पटकथा ज्युलियस आणि फिलिप एपस्टीन या जुळ्या भावांची; पुढे ‘कॅसाब्लांका’ लिहिण्यातही हे दोघे होते.

घर मात्र बघण्यासारखं आहे. काप्रा घराबाहेर फारसा पडतच नाही, आणि पडतो तेव्हा पस्तावतो. सुरुवातीची बेसबॉलच्या मैदानावरची मारामारी आणि लग्नाच्या परवान्याची रांग नसती तरी चाललं असतं. मी चहा करून आले, काही चुकलं नाही. एकदा का दिवाणखान्यात आलो की सिनेमा आपल्या हक्काच्या जागेवर येतो. जिना, तळघराचं दार, खिडकी, खिडकीखालचा बाक. चारही गोष्टी पहिल्या काही मिनिटांत दाखवून ठेवल्या आहेत आणि मग प्रत्येकीची पुरेपूर वसुली. टेडीला आपण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आहोत असं वाटतं. जिना म्हणजे रूझवेल्टने लढाईत सर केलेली सान हुआन टेकडी, त्यामुळे तो वर जाताना हल्ला चढवतो आणि धाडकन दार लावतो. तळघर म्हणजे पनामा, तिथे तो कालव्याची दारं खणतो, आणि आत्या देतात ती प्रेतं म्हणजे पीतज्वराचे बळी. रात्री-अपरात्री बिगूल वाजवतो, शेजारी तक्रार करतात. त्या बिगुलाने एकदा जोनाथन आणि आइन्स्टाइन यांचा जीव वाचतो: दोघांच्या हातात तीच वाईन, ग्लास ओठांशी, आणि वरून भोंगा. मला क्षणभर वाटलं, प्यायला हवी होती.

मग एक काळोखाचा प्रसंग आहे. दिवे घालवलेले, जोनाथन आणि डॉक्टर स्वतःबरोबर आणलेलं प्रेत खिडकीतून आत घेतायत, फक्त आकृत्या आणि कुजबुज. कॅमेरामन सोल पोलिटोने पडदा इतका काळा ठेवलाय की सासूबाई वैतागून म्हणाल्या, “गेली परत लाईट.” गेली नव्हती. पंखा चालू आहे हे दाखवल्यावरच त्यांना पटलं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. एलेन झालेल्या प्रिसिला लेनला दिग्दर्शकाने दारातून आत यायचं आणि दारातून बाहेर जायचं एवढंच काम दिलंय. मुलगी चुणचुणीत आहे, तिचं घर दफनभूमीच्या पलीकडे, तिला सगळ्यात आधी सगळं कळायला हवं होतं. वेड रक्तातून येतं आणि म्हणून लग्न करू नये, यावर मॉर्टिमरची जी तगमग चालते ती आज कानाला बरी लागत नाही. शेवटी तो ब्रूस्टरच नाही, घरातल्या स्वयंपाकिणीचा मुलगा, असं निघतं आणि तो आनंदाने नाचतो, ते जुन्या संगीत नाटकातल्या शेवटच्या अंकासारखं सोयीचं. टेडीला मात्र कोणी हसत नाही. घरातले त्याला ‘मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणतात, पोलीस सलाम ठोकतात. आमच्या गावात असा एक माणूस होता, त्यालाही सगळे असंच सांभाळून घ्यायचे, म्हणून मला टेडीचे प्रसंग हसू येऊनही हलके वाटले नाहीत.

आत्यांच्या स्वभावाचा एक कोपरा काप्राने झाकला नाही हे बरं केलं. जोनाथनने आणलेल्या मिस्टर स्पेनाल्झोचं प्रेत आपल्या तळघरात पुरायला त्यांचा ठाम विरोध. कारण काय? तो परका. आपल्या सज्जन, मेथडिस्ट पंथाच्या हॉस्किन्सशेजारी कोण कुठला परदेशी माणूस कसा झोपवायचा? मायाळू आहेत, पण पंगत बघून.

शेवट नाटकात आणि सिनेमात वेगळा आहे. नाटकात वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख विदरस्पून घरी येतो, तोही एकटा, बिनसंसारी. आत्या त्याला प्रेमाने विचारपूस करतात आणि तो ग्लास उचलतो तेव्हा पडदा पडतो. त्याच्यामुळे आत्यांचा आकडा जोनाथनच्या पुढे जातो. हॉलिवूडच्या त्या वेळच्या सेन्सॉरच्या नियमांत गुन्हेगाराचं भलं झालेलं दाखवणं बसत नव्हतं. सिनेमात विदरस्पून सुखरूप राहतो आणि आत्या टेडीसोबत हॅपीडेलला, म्हणजे त्याच इस्पितळात, जायला निघतात. त्यात एडवर्ड एव्हरेट हॉर्टनसारखा गडबडून जाणारा नट हातात असून ग्लास दिला नाही, हे माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात मोठं नुकसान. मी नाटकाचा शेवट सासूबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, “तोच बरो.”

पाचपैकी चार तारे. कापलेला एक ग्रांटच्या डोळ्यांसाठी आणि त्या बेसबॉलसाठी, अर्धा-अर्धा. मुलांबरोबर बघायला हरकत नाही, रक्ताचा थेंब दिसत नाही. तळघरातली प्रेतं तर एकदाही दाखवलेली नाहीत. इंग्रजी भरभर आहे, खाली अक्षरं लावून बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना अवश्य बसवा, भाषांतराच्या फंदात पडू नका.

जत्रेच्या नाटकासाठी कुणा मंडळाने हे मालवणीत करायला घ्यावं असं माझ्या मनात आहे. एकच सेट, एकच रात्र. दोन अडचणी दिसतात. एक, तळघर. आमच्या पुळणीत दोन हात खणलं की पाणी लागतं, आणि वर सड्यावर जांभा, तिथे टेडीला सुरुंग द्यावे लागतील. पनामाचं एवढं नाही. आपला टेडी मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण करतोय असं दाखवलं तर तो इतकी वर्षं का खणतोय हे कोणी विचारणार नाही. दुसरी अडचण नट-नट्यांची. मॉर्टिमर मिळेल, ओरडणारे आमच्याकडे वाडीवाडीत आहेत. पण ग्लास न हलवता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, खऱ्या काळजीने “घरी कोण कोण असतं तुमच्या?” असं विचारणाऱ्या दोन बायका शोधायला लागतील, आणि त्यांना तालमीत सारखं सांगावं लागेल, हसू नका.